सँ-तेगोनेकचे नोत्र-दाम चर्च आणि त्याचे आवार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चर्च नेमके कुठे आहे आणि त्याचे नाव कोणावरून पडले?

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी हा प्रदेश अटलांटिक महासागरात दूरवर शिरलेला आहे. त्याच्या अगदी पश्चिमेकडच्या फिनिस्तेर जिल्ह्यात, मोर्ले आणि लांदिव्हिझियो या दोन गावांच्या दरम्यान सँ-तेगोनेक वसलेले आहे. ब्रेटन भाषेत त्याला 'सांत तेगोनेग' म्हणतात. २०१६ पासून शेजारच्या लॉक-एगिनेर गावाशी त्याचा एकत्र कारभार चालतो. चर्च पवित्र मरियेला अर्पण केलेले असल्यामुळे त्याचे नाव 'नोत्र-दाम', म्हणजे 'आमची माता', असे आहे. गावाचे नाव मात्र तिथल्या पालक संतावरून आले. एकाच चर्चला मरियेचे आणि स्थानिक संताचे असे दुहेरी पालकत्व असणे ब्रिटनीत नेहमीचे आहे.

संत तेगोनेक कोण होते?

पाचव्या ते सातव्या शतकांच्या काळात ब्रिटन बेटावरून समुद्र ओलांडून अनेक ख्रिस्ती भिक्षू या किनाऱ्यावर आले आणि त्यांनी वस्त्या, मठ व धर्मग्राम (एका चर्चच्या कक्षेत येणारे गाव) स्थापन केले, अशी ब्रेटन परंपरा सांगते. यांतील बहुतेकांना रोमने कधी विधिपूर्वक संतपद दिलेले नाही. लोकांनी त्यांना संत मानले आणि गावांनी त्यांची नावे धारण केली. तेगोनेक हे याच मालिकेतील आहेत.

त्यांच्याविषयीची कथा अशी. चर्चच्या बांधकामासाठी दगड वाहून आणणारे त्यांचे गाढव लांडग्याने खाल्ले, तेव्हा संताने त्याच लांडग्याला गाडीला जुंपले आणि उरलेले दगड त्याच्याकडून वाहून घेतले. संत एर्व्हे यांच्याविषयीही लांडग्याची अशीच एक कथा ब्रिटनीत सांगितली जाते, त्यामुळे ही कथा एकाच गावाची म्हणता येत नाही. तरीही सँ-तेगोनेकमध्ये तिला विशेष अर्थ आहे, कारण इथला संत मूळचाच बांधकाम करणारा आहे. ज्या गावाने पुढे दीडशेहून अधिक वर्षे दगड वाहिले, घडवले आणि रचले, त्या गावाला याहून जवळचा पालक मिळाला नसता.

'आंक्लो पारुआसियाल' म्हणजे काय?

या फ्रेंच शब्दांचा साधा अर्थ 'धर्मग्रामाचे कुंपण घातलेले आवार' असा होतो, आणि सँ-तेगोनेकची ख्याती एकट्या चर्चमुळे नसून या संपूर्ण आवारामुळे आहे. दगडी भिंतीने वेढलेल्या या जागेत चर्च, दफनभूमी, विजयकमानीसारखे प्रवेशद्वार, ख्रिस्ताच्या दुःखसहनाची शिल्पे असलेली कालवारी आणि मृतांची हाडे ठेवण्यासाठीचे अस्थिगृह अशा पाच गोष्टी एकत्र येतात. यांपैकी एखादी गोष्ट युरोपात इतरत्रही सापडते, पण सगळ्या एकाच भिंतीआड, एकमेकींशी बोलत असल्यासारख्या उभ्या राहिलेल्या दिसतात त्या मुख्यतः लेओं या ब्रिटनीच्या वायव्येकडील प्रांतात आणि त्याच्या आसपास.

या रचनेमागचा विचार समजून घेतला तर पुढचे सारे उलगडत जाते. दफनभूमी गावाबाहेर नव्हती. ती गावाच्या मध्यभागी, चर्चच्या दाराशी होती. रविवारच्या मिस्साबलिदानाला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाणारा प्रत्येक माणूस कमानीखालून आत येई, आपल्या आईबापांच्या थडग्यांमधून चालत जाई, डाव्या-उजव्या हाताला अस्थिगृह व कालवारी पाही आणि मग चर्चच्या मंडपात शिरे. जन्माचा बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू हे तिन्ही याच वाटेवरून जात. भिंत उभारली ती शत्रूला अडवण्यासाठी नव्हे, तर पवित्र जमीन आणि रोजची जमीन यांच्यातील सीमा दाखवण्यासाठी. अनेक आवारांच्या दारांत उभे दगडी उंबरे बसवलेले आढळतात, ज्यांवरून माणसाला पाय टाकून सहज जाता येते पण गुरे आत येऊ शकत नाहीत.

एका खेडेगावाला एवढा खर्च परवडला कसा?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर चर्चच्या आत नव्हे तर भोवतालच्या शेतांत सापडते. उत्तर आहे जवस, म्हणजे अळशीच्या झाडापासून काढलेला धागा.

लेओंमधील दमट हवा आणि भरपूर पाणी या पिकाला मानवत असे. बियाणे बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरून जहाजाने येई आणि ते रॉस्कॉफ बंदरात उतरे. वसंतात पेरलेले पीक सुमारे शंभर दिवसांत तयार झाले की ते कापले जात नसे, मुळासकट उपटले जाई, पाण्यात कुजवले जाई, सुकवून कुटले जाई आणि त्यातून निघालेला तंतू घरोघरी कातला जाई. या भागाचे वैशिष्ट्य म्हणजे विणण्याच्या आधीच सूत पांढरे करण्याची पद्धत. त्यासाठी ओढ्याकाठी 'कांदी' नावाची छोटी दगडी धुवणघरे असत. तिथे लाकडाच्या राखेच्या गरम क्षारपाण्यातून सूत पुन्हा पुन्हा काढून हिरवळीवर वाळवले जाई. अशा सुताच्या कापडाला 'क्रे' म्हणत, आणि ब्रेटनमध्ये 'क्रेझ' म्हणजे सदरा. हे कापड मोर्ले बंदरातून इंग्लंडला व स्पेनला जाई, आणि स्पेनमार्गे अमेरिकेपर्यंत पोहोचे.

या व्यापारातून शेतकऱ्यांचाच एक सधन वर्ग निर्माण झाला. त्यांना 'जुलोद' म्हणत. ते सरदार नव्हते, शहरी सावकार नव्हते. स्वतःची शेती करणारे, कापड जमवून विकणारे, आपल्याच धर्मग्रामात राहणारे लोक होते. चर्चचा कारभार 'फाब्रिक' नावाच्या गावकऱ्यांच्या मंडळाकडे असे, आणि या मंडळाचे खजिनदार बहुधा याच वर्गातून निवडले जात. रोख दान, जमिनीचे उत्पन्न, धान्य किंवा धाग्याच्या रूपात आलेली अर्पणे यांचा हिशेब हे मंडळ ठेवी आणि कारागिरांशी करारही तेच करी. म्हणून हे चर्च पाहताना राजाचे किंवा बिशपचे वैभव शोधू नये. इथला प्रत्येक खांब सुताच्या लडीतून उभा राहिलेला आहे, असे आम्ही पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

चर्च कोणत्या साली बांधले गेले?

एकच साल सांगता येत नाही, आणि सांगितले तर ते दिशाभूल करणारे ठरेल. पश्चिमेकडील त्रिकोणी भिंतीवर उभा असलेला लहान घंटामनोरा १५६३ चा आहे आणि जुन्या इमारतीची तीच ठळक खूण आज उरली आहे. त्याच्या शेजारी उभा असलेला मोठा मनोरा १६व्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन १७व्या शतकाच्या आरंभी आकाराला आला. मुख्य सभागृह, बाजूच्या दालनांची रचना आणि वेदीकडील भाग १७व्या व १८व्या शतकांत अनेकदा बदलले व वाढवले गेले.

हे दोन मनोरे शेजारीशेजारी पाहणे फार बोधप्रद आहे. जुना मनोरा गॉथिक परंपरेतला, सडपातळ, भिंतीतूनच वर निघालेला. घंटा टांगण्यापुरती जागा आणि वर टोकदार निमुळता कळस. नवा मनोरा मात्र रेनेसाँसच्या भाषेत बोलतो: भक्कम चौकोनी बांधणी, वर घुमट, घुमटावर झरोक्यांचा छोटा कंदिलासारखा भाग आणि चारही कोपऱ्यांवर लहान शिखरे. गावाला नवी शैली हवी होती, पण जुना मनोरा पाडावा असे कोणाला वाटले नाही. हीच वृत्ती ब्रिटनीत सर्वत्र दिसते. पॅरिसमध्ये किंवा इटलीत शैली बदलली की जुनी मागे पडे. इथे मात्र गॉथिक कमान, रेनेसाँसचा खांब आणि बरोक सोनेरी कोरीवकाम एकाच इमारतीत शेकडो वर्षे एकत्र नांदत राहिले. काही अभ्यासकांनी याला मागासलेपण म्हटले आहे. आम्हाला ते पटत नाही, कारण गवंड्यांना नवे माहीत नव्हते असे नसून जुन्याचा त्याग करण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

मोठ्या मनोऱ्याखालच्या प्रवेशमंडपावर संत तेगोनेक यांची मूर्ती आहे, तर आत येशूच्या बारा प्रमुख शिष्यांपैकी, म्हणजे प्रेषितांपैकी, चौघांच्या मूर्ती आहेत. बारांपैकी चारच आहेत हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण इतर ब्रेटन मंडपांत बहुधा बाराही प्रेषित समोरासमोर रांगेने उभे असतात.

प्रवेशद्वाराला विजयकमान का म्हणतात?

१५८७ चे हे प्रवेशद्वार रोमन विजयकमानींची आठवण करून देणारे आहे आणि त्याच्या माथ्यावर लहान कंदीलशिखरांची रांग आहे. मात्र इथला विजय कोणत्या सेनापतीचा नाही. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे मृत्यूवर मिळवलेला तो विजय आहे. म्हणूनच शवपेटी याच कमानीखालून आत नेली जाई.

कालवारीवर कोणती दृश्ये कोरलेली आहेत?

ही कालवारी १६१० ची आहे आणि ब्रिटनीतील मोठ्या शिल्पसमृद्ध कालवारींच्या परंपरेतील ती शेवटच्या काळातली आहे. ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावरील त्रोनोएन येथील कालवारी १५व्या शतकातील असून ती सर्वांत जुनी मानली जाते. म्हणजे ही परंपरा दीडशे वर्षे टिकून होती.

मधल्या क्रूसाला दोन आडवे हात आहेत. त्यांवर घोडेस्वार आणि ख्रिस्ताचे रक्त पेल्यांत झेलणारे देवदूत आहेत. बाजूंना दोन चोरांचे साधे क्रूस आहेत. खालच्या चौथऱ्यावर दुःखसहनाचे प्रसंग गटागटाने मांडलेले आहेत: ख्रिस्ताला पकडून नेणे, त्याचा छळ, क्रूस वाहणे, समाधीत ठेवणे आणि पुनरुत्थान. ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर विलक्षण शांती आहे, तर छळ करणारे शिपाई विकृत तोंडे करून, १६व्या-१७व्या शतकांतील पोशाखात उभे आहेत. शिल्पकाराने त्यांना रोमन चिलखतांत न घालता त्या काळच्या कपड्यांत घातले, कारण पाहणाऱ्याला हा अपराध जुन्या काळातला आणि परक्यांचा वाटू नये. शेजारच्या गिमिलिओ गावातील १५८१ ते १५८८ या काळात घडवलेल्या कालवारीवर सुमारे दोनशे आकृत्या आहेत आणि तिच्यापुढे ही लहान भासते. पण गर्दी कमी असल्यामुळे इथे एकेका चेहऱ्यापाशी थांबता येते. आम्हाला व्यक्तिशः हीच अधिक भिडते.

चौथऱ्याच्या खालच्या भागात एका कोनाड्यात संत तेगोनेक आणि गाडीला जुंपलेला लांडगा आहे. अनेक प्रवासी क्रूसाकडे मान वर करून पाहतात आणि हा कोनाडा पाहायचा राहून जातो.

या मूर्तींचा शिक्षणासाठी उपयोग होत असे, हे खरे का?

होय, पण 'निरक्षरांचे पुस्तक' हे नेहमीचे वर्णन अपुरे आहे. विधी लॅटिनमध्ये होत आणि लोकांची भाषा ब्रेटन होती, त्यामुळे प्रवचनकार लोकांना कालवारीभोवती जमवून एकेका दृश्याकडे निर्देश करत ब्रेटनमध्ये समजावून सांगत. याच काळात मिशेल ल नोब्लेत्झ (१५७७–१६५२) या धर्मगुरूने कातड्यावर रंगवलेल्या चित्रांच्या साहाय्याने ब्रिटनीत धर्मशिक्षण सुरू केले आणि जेसुइट ज्युलियँ मोन्वार (१६०६–१६८३) यांनी ते काम पुढे नेले. तेव्हा बघणे, ऐकणे आणि भोवती फिरणे हे तिन्ही मिळून कालवारीचा 'पाठ' होत असे. दगड एकटा बोलत नव्हता.

मूर्तींचा दगड इतका काळपट का आहे?

तो कर्सांतों नावाचा अग्निजन्य दगड आहे. ब्रेस्तच्या उपसागराकाठच्या खाणींतून तो येई आणि एका वस्तीच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. खाणीतून नुकताच काढलेला असताना तो छिन्नीला सहज वश होतो, आणि काळानुसार कठीण होत जातो. ग्रॅनाइटचे मोठे कण बारीक कोरीवकामाला अडथळा आणतात. कर्सांतोंचे कण सूक्ष्म असल्यामुळे पापणीची रेघ, दोराची वीण, दाढीचे केस असे तपशील त्यात उमटतात आणि चारशे वर्षांच्या पावसानंतरही टिकून राहतात. अटलांटिकची हवा किती निष्ठुर असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दगडाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. भिंतींसाठी मुख्यतः इतर स्थानिक दगड वापरत आणि जिथे कोरायचे असे तिथे कर्सांतों.

अस्थिगृहात खरोखर हाडे ठेवत असत का?

आवारातील दफनभूमी लहान आणि पिढ्या अनेक, त्यामुळे काही वर्षांनी जुनी हाडे उकरून नव्या दफनासाठी जागा करावी लागे. ती हाडे आदराने ठेवण्यासाठी अस्थिगृहे बांधली जात. आरंभी ही चर्चच्या भिंतीला टेकलेली साधी खोली असे. पुढे तिला स्वतंत्र इमारतीचे रूप आले. सँ-तेगोनेकचे अस्थिगृह १६७६ ते १६८२ या काळात बांधले गेले आणि तोवर या प्रकाराचे मृतांसाठीच्या प्रार्थनामंदिरात रूपांतर झालेले होते. खांब, कोनाडे, शिंपल्याच्या आकाराचे कळस यांनी नटलेला त्याचा दर्शनी भाग एखाद्या मौल्यवान पेटीसारखा दिसतो. मृतांसाठी प्रार्थना करा, कारण एक दिवस तुम्हीही आमच्यात याल, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे.

ब्रेटन लोकांच्या कल्पनेत 'आंकू' नावाचा मृत्यूचा दूत आहे, आणि जवळच्या ला रॉश-मोरिस येथील १६३९ च्या अस्थिगृहावर तो 'मी तुम्हा सर्वांना मारतो' अशा शब्दांसह कोरलेला आहे. यावरून ही माणसे मृत्यूने पछाडलेली होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रोगांच्या साथी, दुष्काळ आणि बालमृत्यू यांच्या काळात मृतांना नजरेआड न करता दाराशी ठेवणे ही जिव्हाळ्याची रीत होती, असे मानणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

चर्चच्या आत काय पाहावे?

सर्वप्रथम प्रवचनपीठ. १६८३ चे हे ओक लाकडातील पीठ ब्रेटन काष्ठशिल्पाचा उत्कृष्ट नमुना मानले जाते. त्याच्या चार फलकांवर चार सुवार्तिक, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणारे चौघे, आहेत, कोपऱ्यांवर विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार सद्गुणांच्या स्त्रीप्रतिमा आहेत, आणि पाठीमागच्या पदकात देव मोशेला आज्ञांच्या पाट्या देत आहे. वरचे छत्र १७३२ मध्ये बसवले गेले. त्याच्या माथ्यावर अंतिम न्यायाचा देवदूत तुतारी फुंकत उभा आहे. मूळ पीठ आणि छत्र यांत जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर असूनही जोड कुठे खटकत नाही, याचे कारण स्थानिक कारागिरांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सलग चालू होती.

त्यानंतर डावीकडची जपमाळेची वेदी. तिच्यात मरिया आणि बाळ येशू संत डॉमिनिक व संत कॅथरिन यांना जपमाळ देताना दाखवले आहेत. कॅथलिक चर्चच्या सुधारणेसाठी भरलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेनंतर (१५४५–१५६३) कॅथलिक जगात जपमाळेची भक्ती, सोनेरी वेदीपट आणि पिळाचे खांब सर्वत्र पसरले. ज्यांनी गोव्यातील जुनी चर्चे पाहिली आहेत त्यांना इथल्या वेदी अनोळखी वाटणार नाहीत. जुन्या गोव्याची बॉम जीझस बासिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे सँ-तेगोनेकचा मोठा मनोरा आकार घेत होता त्याच सुमारास. दोन्हीकडच्या कारागिरांना एकमेकांची कल्पनाही नसेल, पण दोघेही एकाच कॅथलिक धर्मसुधारणेची भाषा आपापल्या मातीत बोलत होते.

शेजारच्या गावांशी स्पर्धा होती का?

होती, आणि तिचा लाभ आज आपल्याला होत आहे. गिमिलिओने कालवारी उभारली, पुढे १६७५ मध्ये पिळाच्या खांबांचे ओक लाकडी छत्र बाप्तिस्माकुंडावर उभे केले. लांपॉल-गिमिलिओने १६७६ मध्ये ख्रिस्ताला समाधीत ठेवण्याचे शिल्प घडवून घेतले. सँ-तेगोनेकनेही पुढे आपले समाधिशिल्प करवले. लांपॉलचा उंच कळस १८०९ मध्ये वीज पडून तुटला आणि तो आजही तसाच आखूड आहे. ही तीन आवारे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असल्यामुळे एका दिवसात पाहता येतात, आणि ती एकत्र पाहिल्याशिवाय कोणत्याही एकाचे नीट आकलन होत नाही.

मग हे बांधकाम थांबले कशामुळे?

पैसा आटला. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात चौदाव्या लुईच्या इंग्लंड व हॉलंडशी झालेल्या युद्धांनी आणि जकातींच्या चढाओढीने कापडाची मुख्य बाजारपेठ हातची जाऊ लागली. उद्योग एकदम संपला नाही. तो १८व्या शतकातही रडतखडत चालू राहिला, पण मोठी कामे काढण्याइतके उत्पन्न उरले नाही. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९० मध्ये, लेओंचा स्वतंत्र धर्मप्रांतही बरखास्त झाला.

१९९८ च्या आगीत किती नुकसान झाले?

जून १९९८ मध्ये लागलेल्या आगीत छत कोसळले आणि लाकडी वेदी व मूर्ती यांची मोठी हानी झाली. जीर्णोद्धाराचे काम २००५ पर्यंत चालले. जळालेले लाकूड स्वच्छ करणे, काजळीखालचे रंगांचे थर वाचवणे आणि जे पूर्ण गेले तिथे नवीन काम जुन्याला न झाकता बसवणे अशा कामाला घाई चालत नाही. आज आत शिरणाऱ्याला सोनेरी वेदी झळाळताना दिसतात तेव्हा ही सात वर्षांची चिकाटी ध्यानात ठेवावी.

चर्चची मालकी कोणाची आहे?

१९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्मसंस्था आणि शासन वेगळे झाले. त्यानुसार जुन्या धर्मग्राम-चर्चांच्या इमारती गावाच्या मालकीच्या आहेत, मात्र त्या उपासनेसाठी राखलेल्या आहेत. हे चर्च संरक्षित ऐतिहासिक वास्तूही आहे. म्हणून प्रार्थना चालू असताना फिरणे व छायाचित्रे काढणे टाळावे.

वेळ थोडा असेल तर कोणती एक गोष्ट चुकवू नये?

अस्थिगृहाच्या वेदीखालील तळघर. मोर्लेचे शिल्पकार जाक लेस्पान्योल यांनी १६९९ ते १७०२ या काळात ओक लाकडात कोरलेले आणि रंगवलेले समाधिशिल्प तिथे आहे. माणसाच्या उंचीच्या आकृत्या ख्रिस्ताच्या देहाभोवती उभ्या आहेत: मरियेला आधार देणारा योहान, कफनाची टोके धरलेले वृद्ध, मग्दालिया. तळघर अंधारे आहे, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते. आणि मग चेहरे एकेक करून उजेडात येऊ लागतात.